टोपेकाच्या शाळा सारख्याच होत्या, तरी खटला का झाला?

दोन सरकारी शाळांची तुलना करायची म्हटली की आपल्या हातात एक ठरलेली यादी असते. वर्गखोल्या किती? शिक्षकांची किती पदे रिकामी? मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का? पिण्याचे पाणी आहे का? संगणक चालू आहे की कपाटात बंद आहे? आपले कार्यकर्ते गटशिक्षणाधिकाऱ्याला निवेदन देतात तेही याच यादीवरून. ही यादी चुकीची नाही. ज्या शाळेचे छप्पर गळते त्या शाळेत बहुतेक वेळा आपलीच मुले बसलेली असतात, त्यामुळे छपरासाठी भांडलेच पाहिजे. पण या यादीत एक रकाना नसतो. या शाळेत कोणाची मुले बसतात आणि कोणाची बसत नाहीत?

हा रकाना नसल्याने काय होते, हे समजून घ्यायला अमेरिकेतल्या एका शहराचा इतिहास उपयोगी पडतो. ते शहर म्हणजे कॅन्सस राज्याची राजधानी टोपेका. 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' या खटल्याचे नाव आपल्यातल्या अनेकांनी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात वाचलेले असते. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, एवढे आपण पाठ करतो. काळ्यांच्या शाळा मोडक्या होत्या म्हणून हा निकाल लागला, असे आपण गृहीत धरतो. टोपेकात तसे नव्हते. तिथे काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या शाळा जवळजवळ सारख्या होत्या, आणि तसे न्यायालयानेच नोंदवले होते. म्हणूनच हा इतिहास आपण नीट वाचला पाहिजे.

अठरा शाळा आणि चार शाळा

अमेरिकेत प्राथमिक शाळा चालवते ते स्थानिक शाळा मंडळ. एका मंडळाच्या हद्दीला तिथे शाळा-जिल्हा म्हणतात. तो आपल्या महसुली जिल्ह्यासारखा नसतो. एका शहरापुरता किंवा काही गावांपुरताही असू शकतो. कोणत्या गल्लीतले मूल कोणत्या शाळेत जाईल, शिक्षक कोण नेमायचा, पैसा कुठे खर्च करायचा, हे सगळे हे मंडळ ठरवते. म्हणजे एकाच मंडळाच्या हद्दीतल्या दोन शाळांमध्ये फरक असेल तर त्याला जबाबदार कोण, हे शोधायला लांब जावे लागत नाही.

१८७९ च्या कॅन्ससच्या कायद्याने मोठ्या शहरांच्या मंडळांना काळ्या मुलांसाठी वेगळ्या प्राथमिक शाळा चालवण्याची मुभा दिली होती. सक्ती नव्हती, मुभा होती. टोपेकाच्या मंडळाने ती मुभा वापरली. १९५१ साली शहरात गोऱ्या मुलांसाठी अठरा प्राथमिक शाळा होत्या आणि काळ्या मुलांसाठी चार: बुकॅनन, मॅकिन्ली, मन्रो आणि वॉशिंग्टन. पुढच्या वर्गांत मुले एकत्र शिकत होती. वेगळेपणा होता तो लहान मुलांच्या वर्गांत. ज्या वयात मूल शेजारी बसलेल्याशी सहज मैत्री करते, नेमक्या त्याच वयात भिंत घातली होती. हा योगायोग मानण्याइतके आपण भोळे नाही.

या सगळ्याला आधार होता १८९६ च्या 'प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन' निकालाचा. होमर प्लेसी यांनी लुइझियानात गोऱ्यांच्या रेल्वे डब्यात बसून वेगळ्या डब्यांच्या कायद्याला आव्हान दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. सोयी समान असतील तर वेगळे ठेवणे हा अन्याय नाही, असा त्या निकालाचा अर्थ झाला. 'वेगळे पण समान' हे सूत्र पुढे अर्धशतकाहून जास्त काळ टिकले.

आता या सूत्राची खुबी बघा. एकदा ते मान्य केले की अन्याय सिद्ध करण्याचे सगळे ओझे तुमच्यावर येते, आणि सिद्ध काय करायचे? तर सोयी समान नाहीत. म्हणजे पुन्हा तीच यादी. खोल्या, बाके, पुस्तके, बस. तुम्ही एक उणीव दाखवा, ते ती भरून काढतील आणि भिंत तशीच ठेवतील.

यादी भरत गेली, भिंत राहिली

लुसिंडा टॉड या टोपेकातल्या एका मुलीच्या आई. पूर्वी त्या शिक्षिका होत्या, पण लग्न झाल्यावर त्या काळच्या नियमाप्रमाणे त्यांना नोकरी सोडावी लागली. एकदा वर्तमानपत्रात शहरातल्या अठरा प्राथमिक शाळांच्या वाद्यसंगीताच्या कार्यक्रमाची बातमी त्यांनी वाचली. शाळा बावीस आणि कार्यक्रम अठरांचा. काळ्यांच्या चार शाळांत वाद्यसंगीत शिकवतच नव्हते. टॉडबाईंनी तक्रार केली, पाठपुरावा केला आणि त्या चार शाळांतही वाद्यसंगीत सुरू झाले.

हा विजय होता आणि तो कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्यानंतर यादीतली आणखी एक उणीव भरून निघाली आणि मंडळाला सांगता येऊ लागले की बघा, आता तर संगीतही समान आहे. टॉडबाई तिथे थांबल्या नाहीत. 'एनएएसीपी' या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या टोपेका शाखेच्या त्या सचिव होत्या. शाखेचे अध्यक्ष मॅकिन्ली बर्नेट शाळा मंडळाकडे सतत खेटे घालत होते. अर्ज, विनंत्या, बैठका. मंडळाने दाद दिली नाही, तेव्हा शाखेने कोर्टाची वाट धरली.

१९५० च्या शरद ऋतूत काही पालक आपापल्या मुलांना घेऊन घराजवळच्या गोऱ्यांच्या शाळेत नाव घालायला गेले. प्रत्येकाला नकार मिळाला. २८ फेब्रुवारी १९५१ रोजी तेरा पालकांनी आपल्या वीस मुलांच्या वतीने खटला दाखल केला. या तेरांत पुरुष एकच, ऑलिव्हर ब्राउन. ते सांता फे रेल्वेच्या कारखान्यात वेल्डर होते आणि एका चर्चमध्ये साहाय्यक पाद्री. बाकी बारा जणी आया होत्या. खटला इतिहासात ब्राउन यांच्या नावाने गेला, पण तो उभा केला तो मुख्यतः आयांनी. आपल्या चळवळीच्या इतिहासातही असे किती वेळा झाले आहे, हे वेगळे सांगायला नको.

ब्राउन यांची मुलगी लिंडा तेव्हा तिसरीत होती. गोऱ्यांची समनर शाळा तिच्या घरापासून सात चौक दूर. पण तिला जावे लागे मैलभर लांबच्या मन्रो शाळेत. सकाळी पावणेआठच्या आत घर सोडायचे, रेल्वेच्या रुळांच्या पसाऱ्यातून वाट काढत बसच्या थांब्यावर जायचे, तिथून बस. बस कधी उशिरा येई. वेळेवर आली तर शाळेचे दार उघडेपर्यंत मुले थंडीत बाहेर उभी राहत. हे सगळे तिच्या वडिलांनी कोर्टात शपथेवर सांगितले.

कोर्टातली तुलना

२५ आणि २६ जून १९५१ रोजी टोपेकात तीन न्यायाधीशांसमोर सुनावणी झाली. ह्यू स्पीअर या शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकाने अर्जदारांच्या वतीने सगळ्या शाळांची पाहणी केली होती. इमारती, त्यांचे वय, पुस्तके, अभ्यासक्रम, शिक्षकांची पात्रता, सगळे तपासले. कुठे इमारत जुनी, कुठे खोल्या लहान, असे काही फरक त्यांनी दाखवले. पण ते फार मोठे नव्हते. मन्रो आणि समनर या दोन शाळांच्या इमारती तर एकाच वास्तुविशारदाने काढलेल्या. मन्रो १९२६ ची, समनर त्यानंतर दहा वर्षांची. शिक्षकांची पात्रता सारखी. अभ्यासक्रम एकच. उलट काळ्या मुलांना मोफत बस होती आणि गोऱ्या मुलांना नव्हती.

स्पीअर यांच्या साक्षीतला महत्त्वाचा मुद्दा वेगळाच होता. त्यांचे म्हणणे असे की अभ्यासक्रम म्हणजे फक्त पुस्तके नव्हेत. मूल शाळेत ज्यांच्याबरोबर वावरते तेही त्याच्या शिक्षणात येते. ज्या समाजात त्याला उद्या जगायचे आहे त्या समाजातल्या बहुसंख्य मुलांपासून त्याला तोडले, तर त्याचा अभ्यासक्रमच कापला जातो.

म्हणजे स्पीअर यांनी यादीत नसलेला रकाना कोर्टासमोर मांडला. शेजारी कोण बसते?

३ ऑगस्ट १९५१ ला निकाल लागला. अर्जदार हरले. इमारती, अभ्यासक्रम, शिक्षक आणि इतर सोयी तुलनेने समान आहेत, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला आणि प्लेसीचा निकाल आपल्यावर बंधनकारक आहे असे सांगितले. पण न्यायमूर्ती वॉल्टर हक्समन यांच्या या न्यायालयाने निष्कर्षांत आणखी एक गोष्ट लिहून ठेवली. कायद्याच्या बळावर मुलांना वेगळे ठेवले की काळ्या मुलांवर त्याचा वाईट परिणाम होतो, कारण वेगळे ठेवण्याचा अर्थ तुम्ही हलके आहात असाच घेतला जातो, आणि त्याने मुलाची शिकण्याची उमेद खचते. तीन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच निष्कर्ष आपल्या निकालपत्रात उद्धृत केला.

त्याच वेळी दक्षिणेत काय चालले होते तेही पाहू, म्हणजे टोपेकाचे महत्त्व कळेल. दक्षिण कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन काउंटीत १९४९-५० साली एका गोऱ्या मुलावर १७९ डॉलर खर्च होत होता आणि एका काळ्या मुलावर ४३. गोऱ्या मुलांना तीस बस, काळ्यांना एकही नाही. तिथला खटलाही ब्राउनच्या सोबतच सर्वोच्च न्यायालयात गेला. तो जाणार असे दिसताच तिथल्या सरकारने काय केले? गव्हर्नर जेम्स बर्न्स यांनी ३ टक्के विक्रीकर बसवला आणि त्या पैशातून काळ्यांसाठी नव्या शाळा बांधायला काढल्या. इतकी वर्षे ज्यांना काळ्या मुलांचे गळके छप्पर दिसले नाही, त्यांना ते अचानक दिसू लागले. भिंत वाचवायची होती, म्हणून ते इमारत बांधून द्यायला तयार झाले.

म्हणून टोपेकाचा खटला एवढा मोलाचा ठरला. क्लॅरेंडनला उत्तर देता येते की थांबा, आम्ही पैसे वाढवतो. टोपेकाला असे उत्तर उरत नाही. सगळे मोजून झाले, सगळे जवळजवळ सारखे निघाले, आता सांगा, तरीही मुले वेगळी का? मुख्य न्यायमूर्ती अर्ल वॉरन यांनी नऊ विरुद्ध शून्य अशा एकमुखी निकालात याच प्रश्नाचे उत्तर दिले. इमारती आणि पगार यांसारख्या दिसणाऱ्या गोष्टी समान करून भागणार नाही, वेगळी शाळा ही मुळातच असमान असते, असा त्या निकालाचा गाभा आहे.

सातारा, धारवाड, कोल्हापूर

हे वाचताना कोणाही आंबेडकरवाद्याला साताऱ्याची आठवण येणारच. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरमध्ये लागले. शाळा सगळ्यांची एकच होती. इमारत एक, मास्तर एक, पुस्तक एक. पण बसायला गोणपाट घरून न्यायचा आणि तो इतरांपासून वेगळा टाकायचा. पाणी शिपायाने वरून ओतले तर प्यायचे, शिपाई नसला तर तहानलेले राहायचे. यादीवर तपासले तर साताऱ्याच्या शाळेत काहीच उणे निघाले नसते. पाण्याची सोय होय, शिक्षक होय, इमारत होय. टोपेकात शाळा वेगळी होती, साताऱ्यात शाळेच्या आत जागा वेगळी होती. दोन्हीकडे मुलाला शिकवलेला धडा एकच होता.

अमेरिकेतही साताऱ्यासारखे घडले होते. ओक्लाहोमा विद्यापीठात जॉर्ज मॅक्लॉरिन या काळ्या विद्यार्थ्याला पीएच.डी.च्या दर्जाच्या अभ्यासाला प्रवेश द्यावा लागला, पण त्यांना वर्गात वेगळ्या कोपऱ्यात, ग्रंथालयात वेगळ्या टेबलाशी आणि खानावळीत वेगळे बसवले गेले. १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने हेही बेकायदा ठरवले. म्हणजे ब्राउनच्या चार वर्षे आधी गोणपाटाचा प्रश्न तिथल्या कोर्टात निकाली निघाला होता.

आपल्याकडे वेगळ्या शाळेचा इतिहास आणखी जुना आहे. जून १८५६ मध्ये एका महार मुलाने धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो नाकारला. कारण काय दिले? एका मुलासाठी शाळा उघडली तर बाकीची मुले शाळा सोडतील आणि शाळाच निरुपयोगी होईल. म्हणजे स्पृश्यांचा बहिष्कार गृहीत धरायचा आणि त्याची शिक्षा अस्पृश्य मुलाला द्यायची. पुढे १८८२ च्या हंटर आयोगाने विरोध असेल तिथे खालच्या मानलेल्या जातींसाठी वेगळ्या शाळा किंवा वर्ग काढावेत अशी शिफारस केली. शाळा मिळाली, पण ती गावाबाहेरच्या वस्तीसारखी बाजूला.

ही वाट मोडली ती शाहू महाराजांनी. १९१९ साली त्यांनी कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत घ्यायचा हुकूम काढला. टोपेकाच्या निकालाच्या पस्तीस वर्षे आधी. ब्राउन खटल्याचे गोडवे गाणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावे.

आणि बाबासाहेबांनी नेमके स्थानिक मंडळांवर बोट ठेवले होते. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक मंडळांकडे गेला. २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगाला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी हा कायदा रद्द करावा आणि शिक्षण शाळा मंडळांकडे सोपवणे थांबवावे, नाहीतर अस्पृश्यांचे शिक्षण मागे जाईल, अशी स्पष्ट मागणी केली. गावातला कारभार गावातल्या बलवानांच्या हाती गेला की शाळेची हद्द कोण आखणार, हे त्यांना ठाऊक होते. टोपेकाच्या मंडळाने मुभेचे जे केले, तेच आपल्याकडच्या मंडळांनी केले असते.

वेगळी शाळा नेहमीच वाईट का?

इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो आणि तो आपण टाळता कामा नये. बाबासाहेबांनीच तर पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, सिद्धार्थ आणि मिलिंद महाविद्यालय उभे केले, वसतिगृहे चालवली. मग वेगळेपण वाईट कसे?

हाच प्रश्न अमेरिकेत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी १९३५ साली एका लेखात विचारला होता. हे तेच दु बॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या काळ्यांच्या अर्जाची प्रत मागितली होती. दु बॉइस यांचा मुद्दा असा: मुलाला हवे ते शिक्षण. जिथे शिक्षक मुलाचा तिरस्कार करतो अशी एकत्र शाळा त्याला घडवणार नाही, तर मोडेल. त्यापेक्षा त्याला माणूस मानणाऱ्या शिक्षकांची शाळा बरी, भले ती वेगळी असो.

या मुद्द्यात किती तथ्य होते ते पुढे दिसले. मार्च १९५३ मध्ये, निकाल लागण्याआधीच, टोपेकाच्या शाळा प्रशासनाने काही काळ्या शिक्षिकांना पत्र पाठवून कळवले की पुढच्या वर्षी तुमची नेमणूक होण्याची खात्री देता येत नाही. भिंत पडली तर गोऱ्या पालकांना काळी शिक्षिका चालणार नाही, हे त्यामागचे कारण. निकालानंतर दक्षिणेत हजारो काळ्या शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. मुले एकत्र आली, पण फळ्यापुढचा काळा माणूस गेला.

म्हणून आपली भूमिका स्पष्ट असली पाहिजे. आपण स्वतः उभी केलेली संस्था आणि दुसऱ्याने आपल्याला ढकलून दिलेली शाळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिलिंद महाविद्यालयाचे दार कोणत्याही जातीच्या विद्यार्थ्याला बंद नव्हते. समनर शाळेचे दार लिंडाला बंद होते. फरक दाराचा आहे, आणि ते दार कोणाच्या हातात आहे याचा.

ब्राउनच्या निकालात एक उणीवही आहे. तो काळ्या मुलाच्या मनावर होणाऱ्या जखमेबद्दल बोलतो. गोऱ्या मुलाच्या मनात काय पेरले जाते, याबद्दल तो जवळजवळ गप्प आहे. जातीची उतरंड वर जाताना आदर आणि खाली येताना तिरस्कार शिकवते, ही बाबासाहेबांची मांडणी इथे जास्त खोल जाते. वेगळी शाळा वरच्या जातीच्या मुलालाही शिकवतच असते. काय शिकवते? आपल्या शेजारी ते बसत नाहीत, हेच बरोबर आहे, हे.

भिंत परत उभी राहते

निकालाने सगळे संपले नाही. पुढच्याच वर्षी, १९५५ साली, अंमलबजावणी विचारपूर्वक पण वेगाने करा असे न्यायालयाने म्हटले, आणि 'विचारपूर्वक' या शब्दाचा आधार घेऊन राज्यांनी वर्षानुवर्षे काढली. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे आपल्या सगळ्या सरकारी शाळा बंद ठेवल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. काळ्या मुलांपैकी अनेकांचे शिक्षण तिथेच तुटले. एकत्र बसवण्यापेक्षा शाळाच नको, इतक्या टोकाला हे प्रकरण गेले. हीच ती काउंटी, जिथे १९५१ साली बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने गळक्या, डांबरी कागदाच्या खोल्यांविरुद्ध अख्ख्या शाळेचा संप केला होता. तरुणांनी हे नाव विसरू नये.

टोपेकातही कायद्याची भिंत गेली, पण वस्त्या वेगळ्याच राहिल्या आणि शाळेच्या हद्दी वस्त्यांप्रमाणे आखल्या गेल्या. १९७९ साली खटला पुन्हा उघडावा लागला. अर्जदारांत लिंडा ब्राउनही होत्या, या वेळी आई म्हणून. तो १९९९ पर्यंत चालला. तिसरीतली मुलगी चाळिशी ओलांडून गेली आणि प्रश्न तोच: कोणती मुले कुठे बसतात?

एक किलोमीटरचा नियम

आता आपल्या राज्यात येऊ. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(क) ने विनाअनुदानित खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. हे कलम पुरेसे नाही, त्यात पळवाटा आहेत, आणि सरकारी शाळा मजबूत करण्याला ते पर्यायही नाही. पण आपल्या सगळ्या शिक्षण कायद्यांत मुलांना एका बाकावर आणण्याचे काम हेच एक कलम थेट करते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेने २५ टक्के जागा देण्याची गरज नाही. शहरात आणि मोठ्या गावात अशी खासगी शाळा शोधूनही सापडणार नाही जिच्या किलोमीटरभरात एखादी सरकारी वा अनुदानित शाळा नाही. म्हणजे कलम कागदावर राहिले आणि दार बंद झाले. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने या बदलाला स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करायला नकार दिला. पालक आणि संघटना लढल्या म्हणून हे झाले.

पण त्या नियमामागचा युक्तिवाद नीट ऐका. तुमच्या मुलासाठी जवळ शाळा आहे ना? इमारत आहे, शिक्षक आहेत, पुस्तके मोफत आहेत. मग त्याच शाळेत का नको? हा प्लेसीचाच युक्तिवाद आहे, फक्त मराठीत. टोपेकाचे मंडळही हेच म्हणत होते: मन्रो शाळा चांगली आहे, बसही मोफत आहे, समनरमध्येच कशाला यायचे?

दुसरीकडे २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले गेले. कोणत्या शाळांचा पट घटतो? ज्या शाळेतून ऐपतवाल्यांनी मुले काढून घेतली तिचा. आधी शाळा सोडून जायचे, मग पट कमी म्हणून ती बंद करायची, आणि उरलेल्या मुलांना लांब पाठवायचे. लिंडाची मैलभराची वाट आपल्या तांड्यावरच्या आणि पाड्यावरच्या लेकरांच्या वाट्याला यायला वेळ लागत नाही. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने परिसरातल्या सगळ्या मुलांची एकच शेजारशाळा असावी असे सांगितले होते. ती शिफारस अमलात आली असती तर आज ही तुलना करायची वेळ आली नसती.

मग तुलना कशी करायची?

यादी फेकून द्या असे आम्ही म्हणत नाही. यादी वाढवा. तालुक्यातल्या शाळांची पाहणी कराल तेव्हा छप्पर, पाणी, शिक्षक यांच्या जोडीला हेही विचारा:

या शाळेच्या पटावर कोणत्या वस्तीतली मुले आहेत आणि कोणत्या वस्तीतली नाहीत? गावातले सरपंच, शिक्षक, ग्रामसेवक यांची मुले कुठे शिकतात? शालेय पोषण आहाराला पंगत एकच असते का, आणि स्वयंपाक करणारी बाई कोणत्या समाजाची आहे म्हणून कोणी डबा घरून आणतो का? वर्ग कोण झाडतो? शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या वस्तीतल्या आया आहेत का, की फक्त सह्या आहेत? फळ्यापुढे आपला माणूस उभा आहे का? २५ टक्क्यांतून गेलेल्या मुलांना त्या खासगी शाळेत वेगळ्या तुकडीत तर बसवलेले नाही? आणि शाळा बंद होणार असेल तर नव्या वाटेवर मुलीला एकटीने चालत जाता येईल का?

ही उत्तरे कोणत्याही सरकारी पोर्टलवर मिळत नाहीत. ती वस्तीत जाऊन, पालकांशी बोलून, वहीत लिहून घ्यावी लागतात. मॅकिन्ली बर्नेट आणि लुसिंडा टॉड यांनी तेच केले. कोर्टात उभे राहण्याआधी त्यांनी आपल्या शहरातली प्रत्येक शाळा ओळखली होती.

टोपेकाच्या शाळा सारख्याच होत्या, तरी खटला झाला, कारण तिथल्या आयांना समान इमारतीवर समाधान मानायचे नव्हते. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश आपण पोस्टरवर लिहितो. कोणत्या शाळेत, कोणाच्या शेजारी बसून शिकायचे, हा प्रश्नही त्याच आदेशात आहे. पुढच्या निवेदनात तो लिहायला विसरू नका.

जय भीम!